दोन्ही बाजूंचं माप

६ जुलै

मुंगे,

आशीर्वाद दरवेळी लिहायचे नाहीत असं आपलं ठरलंय. ते कायमचे तुझ्याकडेच राहू देत.

परवा तुझा फोन आला, त्यातलं मला ‘मावशी’ तेवढं ऐकू आलं. बाकी सगळ्याला मी हो म्हटलं. कशाकशाला हो म्हटलं ते लिहून कळव, म्हणजे मला निस्तरता येईल. कानातलं यंत्र घातलं की फोन शिट्टी मारतो आणि काढलं की फोनच नाहीसा होतो. तेव्हा आपण आपलं कागदावरच बोलू.

लेकाकडे येऊन आता महिना होत आला. तुझ्या दादाने खोली छान दिली आहे. पलंग, कपाट, खिडकीपाशी टेबलावर त्याचा जुना पांढरा कॉम्प्युटर. सूनबाईंचं घर म्हणजे काय सांगू, चमचासुद्धा आपल्या जागेवर झोपतो. मी कप विसळायला घेतला की त्या हळूच माझ्या हातून काढून घेतात. ‘आई, तुम्ही बसा.’ मी बसते. बसून बसून माझी बैठक आता चांगली पसरली आहे.

एक वाईट बातमी. तुझ्या काकांचा कॉम्प्युटर सामान हलवताना गेला. बटण दाबलं की दिवा लागतो, पंखा एक उसासा टाकतो आणि विझतो. काका गेल्यावरही तो इमानाने चालला, आता त्यालाही कंटाळा आला असेल. काकांनी माझ्यासाठी लिहिलेला मापांचा प्रोग्रॅम, मापं घातली की बेतायचे कागद काढून देणारा, त्यातच आहे. तो या पांढऱ्यावर चालेल का गं? दादा म्हणतो, नाही चालणार, जातच वेगळी आहे. नाही चालला तरी काही बिघडत नाही. आयुष्यभर मी ज्यांना तयार कपडे बसत नाहीत त्यांचे कपडे शिवले, पाठीत बाक असलेल्यांचे, एक खांदा खाली असलेल्यांचे, चाकाच्या खुर्चीतल्यांचे. पुष्कळ झालं. दादाही तेच म्हणतो, आता आराम कर.

माझं कापायचं टेबल खोलीत मावत नाही. ते बाहेर गॅलरीत उभं करून ठेवलंय, भिंतीकडे तोंड करून, शाळेत शिक्षा झाल्यासारखं. दादाने सुताराशी बोलून ठेवलंय, तो ऑगस्टअखेर येऊन घेऊन जाईल.

तू जेवतेस ना वेळेवर?

मावशी


१५ जुलै

लाडक्या मावशी,

तू हो म्हणालीस ते असं: मी केस कापले त्याला, मी स्वयंपाकाला बाई लावली त्याला, आणि मी लग्नाचा विचार सध्या बाजूला ठेवला आहे त्याला. तिन्हीबद्दल आभार. आता आईने विचारलं तर तुझं नाव सांगणार आहे.

काकांच्या प्रोग्रॅमचं वाचून मी खुर्चीतून उठलेच. दादा म्हणतो ते खरं आहे, जात वेगळी आहे. काकांचा कॉम्प्युटर लिनक्सवर चालायचा, दादाचा दुसऱ्या सिस्टिमवर. पण मावशी, मी दिवसा पोटासाठी दुसऱ्यांचे प्रोग्रॅम तपासते आणि उरलेल्या वेळात जी हौस करते, ती नेमकी हीच आहे!

समजावून सांगते. जांभई आली तर पान उलट. लिनक्समध्ये प्रत्येक प्रोग्रॅम आपण हिंडून आणायचा नसतो. तिथे एक कोठीवाला असतो, त्याला पॅकेज मॅनेजर म्हणतात. त्याला सांगायचं, मला अमुक हवं. तो ते आणतो, त्याला आणखी काय काय लागतं तेही आणतो, जागेवर लावतो, काय कुठे ठेवलं ते लक्षात ठेवतो आणि नको झालं की मागमूस न ठेवता उचलतो. काकांनी त्याच्याच भरवशावर प्रोग्रॅम लिहिला होता. आम्ही काही हौशी मंडळी आता त्या कोठीवाल्याला दादाच्या जातीच्या कॉम्प्युटरवर कामाला लावतोय. गोची अशी की लिनक्समध्ये तो घरचा माणूस, सगळ्या किल्ल्या त्याच्या कमरेला. इथे तो परका. मालकाची कपाटं बंद, काहींना हात लावला की मालक ओरडतो. त्यात आम्ही काही ठेवलं तर पुढच्या साफसफाईत तो सरळ फेकून देतो. आम्ही हात टेकायच्या बेतात आहोत. आमच्यातला एकजण तर म्हणाला, हे वापरणार कोण?

आता मी त्याला सांगणार, माझी मावशी.

काकांच्या कॉम्प्युटरमधली डिस्क काढून मला पाठव. कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला काढून देईल. आणि ‘नाही चालला तरी काही बिघडत नाही’ हे वाक्य तू मला लिहू नकोस, तुला ते शोभत नाही.

तुझी मुंगी


२४ जुलै

मुंगे,

डिस्क पाठवली आहे. अस्तराच्या कापडात गुंडाळून, वरून टीप घालून. उसवताना कात्री जपून चालव. दुरुस्तीवाल्याने ती हातात ठेवली तेव्हा मला कसंसंच झालं. एवढ्याशा डबीत तुझ्या काकांच्या किती दुपारी गेल्या असतील. मी म्हणायचे, बाजारात इतके प्रोग्रॅम मिळतात, तुम्ही कशाला डोळे फोडता? ते म्हणायचे, बाजारातले सगळे अर्धाच माणूस मोजतात गं, उरलेला अर्धा घडी उलगडून काढतात. तुझी माणसं घडीची नाहीत.

तुझं कोठीवाल्याचं प्रकरण मी दोनदा वाचलं. अर्धं डोक्यावरून गेलं, पण उरलेल्या अर्ध्याचं मला काही नवल वाटलं नाही. दुसऱ्याच्या घरात राहायला गेलं की हे असंच. मी सांगू का, त्याने काय करावं? मालकाच्या कपाटांच्या नादी लागूच नये. एक फळी मागून घ्यावी, कोपऱ्यातली का असेना. आपलं सगळं त्या एका फळीवर मांडावं. मालकाचा डबा आपला समजू नये आणि आपला त्याच्यात मिसळू नये. मालकाने कितीही झाडलोट केली तरी ती फळी त्याच्या हिशेबातच येणार नाही. मी तसंच केलंय. माझी कात्री, खडू, टेप, सुयांची डबी, सगळं माझ्या बॅगेत आहे. बॅग पलंगाखाली. कुणाला अडचण नाही.

एक काम आलं आहे. नाही म्हणणार होते, पण बाई समोर येऊन बसल्या. चष्म्याच्या दुकानात असतात, माझा चष्माही त्यांनीच केला. जन्मापासून डावा खांदा खाली आणि डावा हात आखूड. बाई हसऱ्या आहेत, पण आजवरचा त्यांचा प्रत्येक फोटो शाल पांघरून काढलेला. सप्टेंबरच्या मध्यात मुलाचं लग्न आहे. मला म्हणाल्या, ‘या एका फोटोत मला शाल नकोय.’ कोट शिवून हवा आहे. कापडही घेऊनच आल्या, निळं, सुरेख. ते बघून माझे हात शिवशिवले, खोटं कशाला बोलू.

सुताराचं काही अजून बदललेलं नाही. हा एक कोट धड झाला तर दादाशी बोलायला मला तोंड राहील. नाहीतर टेबल जाऊ दे, मी समजून घेईन.

मावशी


५ ऑगस्ट

मावशी, मावशी, मावशी,

तुझी फळी चालली!

मी आमच्या मंडळींना तुझं पत्र वाचून दाखवलं. आम्ही कित्येक दिवस मालकाच्या कपाटांत जागा कशी मिळवायची यावरच भांडत होतो. आता कोठीवाल्याला सांगितलं, बाबा रे, तुझी ही एक फळी, तुझं सगळं इथेच, आणि कुठल्याही प्रोग्रॅमला काही लागलं तर आधी या फळीवर बघायचं, मालकाच्या घरात नाही. मालकाने ढुंकूनसुद्धा बघितलं नाही. ‘वापरणार कोण’वाले गृहस्थ विचारत होते, तुझी मावशी कुठे नोकरीला आहे.

काकांचा प्रोग्रॅमही बसवला. त्याला काय काय लागतं याची मोठी वरात होती, एकाला बोलावलं की मागून तिघे येतात. एके ठिकाणी मी जरा साफसफाई केली. आकृत्या काढायला काकांनी एक तयार अवजार घेतलं होतं, जगातले शेकडो प्रोग्रॅम तेच वापरतात. काकांच्या डिस्कवर त्याची फार जुनी प्रत होती आणि मध्येच कुणीतरी हाताने ठिगळं लावलेली. मी ती बाजूला सारली आणि मूळ कर्त्यांकडची ताजी, अधिकृत प्रत घातली. कोठीवाल्याचा नियमच आहे, माल मुळातून आणायचा, घरगुती खटपट चालवून घ्यायची नाही. मग माझंच माप टाकून बघितलं. माझं ब्लाउज कागदावर असं छान आलं की मीच चकित झाले.

दादाला सांगून कोठीवाला त्या पांढऱ्या कॉम्प्युटरवर पाठवला आहे. तुला एकच करायचं आहे. सोबतच्या कागदावर मोठ्या अक्षरात एक ओळ लिहिली आहे, ती दादा उघडून देईल त्या काळ्या खिडकीत जशीच्या तशी टाइप कर. जिथे जागा सोडायची तिथे मी छोटा चौकोन काढला आहे. मग चहा करायला जा. कोठीवाला तुला एकही प्रश्न विचारणार नाही.

तुझी मुंगी


११ ऑगस्ट

मुंगे,

तो नाही विचारणार, पण मी विचारते. कीबोर्डवर चौकोन कुठे आहे, हे मी अर्धी सकाळ शोधत होते. शेवटी सूनबाईंनी सांगितलं की चौकोन म्हणजे काही नाही. काही नाही हे दाखवायला काहीतरी काढायचं, ही तुमच्या धंद्याची तऱ्हा मला आवडली.

ओळ टाइप केली. अक्षरं धो धो वाहायला लागली. मला वाटलं मोडलं. मग थांबली, आणि मुंगे, तीच पिवळी खिडकी उघडली. तोच तो घाणेरडा पिवळा रंग, ज्यावरून मी तुझ्या काकांशी भांडले होते. वर त्यांचं तेच वाक्य, ‘माप दोनदा घेतलंस का?’ मी रडले. लपवत नाही. सूनबाई पाणी घेऊन आल्या आणि शेजारी उभ्या राहिल्या.

बाईंची मापं घातली, डावीकडची आणि उजवीकडची. कागद छापून निघाले, चिकटवले. टेबल गॅलरीतच आहे, म्हणून फरशीवर कापड पसरलं आणि गुडघ्यांवर बसून बेतलं. गुडघे बोंबलले, पण कात्री अशी चालली की मीच ऐकत राहिले. कापलेल्या तुकड्यांची घडी घालून ठेवली आहे. उद्या कच्चं शिवणार.

काकांच्या वतीने तुला एक पापा.

मावशी


२० ऑगस्ट

मावशी,

कोट झाला का? बाईंना बसला का? तुझं पत्र नाही, म्हणजे तू कामात बुडालेली असणार. मला कल्पना आहे, बातमी कळली की गिऱ्हाइकांची रांग लागली असणार आणि दादाला आता जिन्यात उभं राहून जेवावं लागत असणार.

मी मात्र सगळ्यांना सांगत सुटले आहे. आमचा पहिला खरा वापर, एक खराखुरा कोट! एवढं लिही की बाई काय म्हणाल्या.

तुझी मुंगी


२४ ऑगस्ट

मुंगी,

पत्राला उशीर झाला. प्रकृती ठीक आहे.

कोट जमला नाही. त्यात तुझ्या कामाचा काही दोष नाही, हे आधीच लिहिते, कारण तू लगेच मनाला लावून घेशील. कच्चं शिवून बाईंना घातला तर दोन्ही बाह्या सारख्या, दोन्ही खांदे सारखे. डाव्या बाजूला कापड लोंबत होतं आणि त्यात त्यांचा हात पार नाहीसा झाला. बाईंनी आरशात बघितलं. मग माझ्याकडे बघून हसल्या, म्हणाल्या, ‘राहू दे हो, शाल आहेच.’ त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

मी मापं घालताना चुकले असणार. तेच आकडे दोन्हीकडे घातले असतील, आणि कागद ताडून न बघताच कात्री चालवली. तुझे काका या बाबतीत कधी चुकले नव्हते, म्हणजे मीच चुकले. चष्मा नवा आहे, म्हणजे दोष डोळ्यांचाही नाही, डोक्याचाच आहे. आयुष्यभर ज्या एका गोष्टीवर मी पोट भरलं, तीच माझ्या हातून निसटली. डावं-उजवं कळेना झालं की कात्री खाली ठेवावी, दुसऱ्याच्या अंगाशी खेळू नये.

दादाला सांगितलं की सुताराला बोलाव. तो बरं म्हणाला.

पिवळी खिडकी बंद केली आहे. तू खूप केलंस माझ्यासाठी. वेळेवर जेव.

मावशी


२८ ऑगस्ट

मावशी,

सुताराला थांबव. हे पत्र पोचायला उशीर होईल म्हणून वहिनीला निरोपही पाठवते आहे. सुताराला थांबव!

तू चुकली नाहीस. काका चुकले नाहीत. मी चुकले. आता शांतपणे वाच, म्हणजे मलाही शांतपणे लिहिता येईल.

तुझं पत्र वाचलं आणि कॉम्प्युटर उघडून बसले. तू म्हणे तेच आकडे दोन्हीकडे घातलेस! मी पाच वर्षांची असताना माझा एक पाय किंचित जास्त वाढतोय हे तू फ्रॉकच्या घेरावरून ओळखलं होतंस. म्हणून मी एक वाकडा माणूस बनवला, नुसत्या आकड्यांचा. डावा हात आखूड, डावा खांदा खाली. तो काकांच्या प्रोग्रॅमला दिला. कागदावर आला तो सरळ! दोन्हीकडे उजवी बाजू. प्रोग्रॅमने डावीकडची मापं नीट घेतली होती, नीट जपलीही होती, पण आकृती काढताना त्यांच्याकडे कुणी बघितलंच नाही.

मग मी काकांच्या डिस्कवरची ती जुनी प्रत पुन्हा काढली, ठिगळं लावलेली. आठवतंय, मी फुशारकीने बाजूला सारलेली? ते अवजार मुळातच अर्धा माणूस काढतं आणि घडी उलगडतं. बाजारातले सगळे प्रोग्रॅम तेच वापरतात, म्हणून सगळे तसेच. काकांनी त्या अवजाराच्या पोटात शिरून ती घडी कापून टाकली होती. ‘कुणीतरी’ लावलेली ठिगळं त्यांचीच, मावशी. आणि मी ती केर समजून झाडली, नवं कोरं घातलं, आणि तपासलं कुणावर, तर स्वतःवर! माझे दोन्ही हात सारखे, म्हणून मला सगळं छान दिसलं. (पायाचं तू वेळेत ओळखलंस म्हणून उपचार होऊन तेही सारखे झाले, नाहीतर त्यावरून तरी कळलं असतं.)

मला दोन दिवस जेवण गेलं नाही. कोटाचं आहेच, पण तू स्वतःवर इतक्या लवकर संशय घेतलास याचं जास्त. तुला माझ्यावर का नाही आला संशय? पुढच्या वेळी आधी माझ्यावर घे. भाच्या त्यासाठीच असतात.

आता काय केलं ते सांगते. कोठीवाल्याला एक सोय असते. माल मुळातूनच आणायचा, पण बसवण्याआधी त्याच्यावर आपलं ठिगळ लावायचं, दरवेळी, न विसरता. काकांची ठिगळं मी एकेक करून उचलली आणि नव्या अवजारावर बसतील अशी पुन्हा बेतली. आता तू, मी किंवा जगात कुणीही हा प्रोग्रॅम मागितला, तर कोठीवाला आधी काकांचं ठिगळ लावतो आणि मगच हातात देतो. माझा वाकडा माणूस आता वाकडाच येतो. इतका सुंदर वाकडा की मी तो भिंतीवर लावला आहे.

तीच ओळ पुन्हा टाइप कर. चौकोन म्हणजे काही नाही.

आणि कापड बघ, मावशी. लांब बाजू दोन्हीकडे गेली आहे. म्हणजे डावीकडे कापड जास्त आहे, कमी नाही. उसवून पुन्हा बेतता येईल ना? मला नाही कळत, तुला कळतं.

तुझी मुंगी


१ सप्टेंबर

प्रिय मुंगी,

तुझ्या वहिनीचं तुला पत्र म्हणजे नवलच, मला माहीत आहे. पण आईंना लिहायला वेळ लागेल, म्हणून आधी मीच एक पान लिहून पाठवते. त्यांना दाखवलेलं नाही.

तुझा निरोप आला तेव्हा सुतार दारातच होता, टेबलाचे पाय मोजत. मी त्याला चहा दिला आणि सांगितलं, टेबल न्यायचं नाही, त्याचं दुसरं काम आहे. खरं सांगू, निरोप आला नसता तरी मी तेच सांगणार होते. आदल्या रात्रीच तुझ्या दादाशी भांडले होते. तो वाईट नाही गं. आईंना फरशीवर बसून कापताना त्याला बघवत नाही, आणि त्याच्या मते त्याला एकच उपाय, ते काम बंद करणं. मी म्हटलं, दुसरा उपाय आहे, त्यांना फरशीवर बसवू नये.

सुताराने टेबलाचे भिंतीकडचे पाय काढले आणि खोलीत भिंतीला बिजागऱ्यांवर बसवलं. काम असलं की पाडायचं, नसलं की वर. आता मावतं.

माझीही एक चूक आहे. आईंची बॅग पलंगाखाली कायम भरलेली असायची. मी केर काढताना बघायचे. मला वाटायचं, यांना इथे राहायचंच नाही, कधीही उठून जातील. म्हणून मी त्यांना कामाला हात लावू द्यायचे नाही, पाहुण्यासारखं जपायचे, म्हणजे तरी राहतील. आणि मी पाहुण्यासारखं वागवते म्हणून त्या बॅग उघडत नव्हत्या. कळलं तेव्हा मला हसावं की रडावं समजेना.

ये ना एकदा. चौकोनाचं मी त्यांना बरोबर सांगितलं होतं ना?

वहिनी


१७ सप्टेंबर

मावशी,

तुझ्या पत्राची वाट न बघता लिहिते, कारण माझ्याने राहवत नाही.

काकांचा प्रोग्रॅम आमच्या कोठीत सगळ्यांसाठी ठेवला होता. मला वाटलं, कोण बघणार. काल एका माणसाचं पत्र आलं. कुठे राहतो ते त्याने लिहिलं नाही, त्याची भाषाही वेगळी आहे, मोडकंतोडकं लिहितो. त्याची लहान मुलगी आहे, तिची पाठ एका बाजूला वळलेली. तिच्या अंगाला कुठलाही तयार कपडा बसत नाही, म्हणून बायको गेल्यापासून तोच शिवायला शिकतोय. त्याने बाजारातले सगळे प्रोग्रॅम वापरून बघितले, सगळे त्याच्या मुलीला सरळ करून दाखवतात. हा पहिला, ज्याने ती आहे तशी काढली. त्याने विचारलंय, हे ज्याने केलं त्याचे आभार कुठे मानायचे.

मी अजून उत्तर दिलेलं नाही. काय लिहू?

तुझी मुंगी


२५ सप्टेंबर

मुंगे,

तुझी दोन्ही पत्रं पोचली. पहिलं वाचून मी तुझ्यावर रागावले, अगदी खरोखर, आणि तो राग इतका बरा वाटला की विचारू नकोस. स्वतःवर रागावून थकवा येतो, दुसऱ्यावर रागावलं की भूक लागते. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

ओळ टाइप केली. कोट उसवला. तू म्हणालीस ते खरं निघालं, कापड जास्तच होतं. उलटं झालं असतं तर कापडही गेलं असतं आणि मीही. टेबल पाडलं आणि उभ्याने बेतलं. ते भिंतीला टांगलेलं बघून आधी मला वाटलं, पडणार. सुताराने त्याच्यावर बसून दाखवलं, वर तुझ्या दादालाही बसवलं. आता दादा येता-जाता त्याच्यावर टिचकी मारतो, जणू त्यानेच केलंय. मी बोलत नाही, बिचाऱ्याला तेवढं असू दे.

बाईंना कोट घातला. डावा खांदा खाली आहे तसा खाली, आणि त्याच्यावर कोट असा बसला की खांदा काही लपवत नव्हता आणि काही सांगतही नव्हता. बाही मनगटाशी थांबली. बाईंनी हात हलवून बघितला, पुन्हा हलवला. मग शाल माझ्याच खुर्चीवर विसरून गेल्या. त्यांनी लग्नातला फोटोही पाठवला आहे. लग्नातले बाकीचे सगळे कॅमेऱ्याकडे बघताहेत, बाई स्वतःच्या बाहीकडे.

बॅग रिकामी केली. कात्री आता टेबलाशेजारी खिळ्याला असते, टेप दाराला. सूनबाई परवा ती कात्री घेऊन दुधाची पिशवी कापत होत्या. मी ओरडले. त्याही ओरडल्या. छान वाटलं.

आता त्या माणसाचं. मी पत्र तुझ्या काकांच्या फोटोसमोर मोठ्याने वाचलं. यंत्र काढून ठेवलं होतं, त्यामुळे घरभर ऐकू गेलं असणार. तुझे काका कुणासमोर कधी चार शब्द धड बोलले नाहीत आणि बघ, कुठल्या कुठे जाऊन बसले. त्याला लिही की आभार पोचले.

आणि हे पण लिही, नीट, त्याच्या भाषेत. मोजताना मुलीला भिंतीला टेकवायचं नाही, भिंतीशी सगळेच सरळ व्हायला बघतात. तिला काहीतरी खेळायला द्यायचं आणि ती विसरली की मोजायचं. सुरुवात वळलेल्या बाजूने करायची. सगळे सोप्या बाजूने सुरू करतात आणि अवघड बाजूला येईपर्यंत पोर कंटाळतं. माप दोनदा घ्यायचं.

काही अडलं तर थेट मला लिही म्हणावं. माझा पत्ता दे. दादाच्या घराचा नको लिहूस, माझ्याच नावाने दे. इथेच राहते मी.

मावशी